'त्यांना केलं' आणि 'त्यांचं केलं'

॥ जय गुरुदेव ॥


दर गुरुवारच्या सामूहिक प्रार्थनेसाठी आपल्या सगळ्या केंद्रांच्या समूहांवर आजारी माणसांची नावं येतात. ती यादी नीट लावून पुढे पाठवायची सेवा इंदूर केंद्राकडून माझ्याकडे आहे. नाव, वय, गाव आणि काय झालंय, एवढं एका ओळीत बसवायचं. हे करता करता गावोगावच्या मराठीची मोठी गंमत कळते. बडोद्याचे लोक 'दाखल केलं' लिहितात आणि घरी आणलं की 'रजा दिली'. आम्ही इंदूरकर 'भरती केलं' आणि 'छुट्टी झाली' म्हणतो. हैदराबादला कितीही मजल्यांचं हॉस्पिटल असो, तो 'दवाखाना'च. गोव्याहून नुसतं 'बांबोळीला नेलंय' एवढं आलं तरी समजायचं, मेडिकल कॉलेजात नेलंय, प्रकरण साधं नाही.

पण ही गंमत हॉस्पिटलच्या दारापर्यंतच. आत गेलं की सगळ्या गावांची भाषा एक होते. अ‍ॅडमिट केलं. आयसीयूत शिफ्ट केलं. ऑपरेट केलं. इंट्युबेट केलं. मोठ्या ठिकाणी रेफर केलं. डिस्चार्ज केलं. बेळगावच्या आजोबांचं आणि ग्वाल्हेरच्या काकूंचं वर्तमान तेव्हा अगदी सारखं वाचता येतं.

या शब्दांना मी नाक मुरडत नाही. मराठी माणसाचं आजारपणसुद्धा इंग्रजीत गेलं म्हणून गळा काढणारे निरोप पुष्कळ फिरतात, त्यात मला भर घालायची नाही. हृदयाची नळी तुंबली तर पुष्कळदा तिथे स्टेंट टाकावी लागते, आणि ती टाकणाऱ्यांनी जो शब्द वापरला तो आपण घेतला. त्या विद्येने आपल्या किती जणांना परत घरी आणलं आहे! मला विचारात पाडलं ते त्या शब्दांमागच्या आपल्याच 'केलं'ने.

बाबांना शिफ्ट केलं. आईला इंट्युबेट केलं. या प्रत्येक वाक्यात आजारी माणूस 'ला' नाहीतर 'ना' लावून येतो. करणारा कुणी दुसरा, आणि ज्याला केलं तो पलंगावर. शिवाय या प्रत्येक करण्याला सुरुवात आहे, शेवट आहे, त्याखाली सही आहे आणि बिलात एक ओळ आहे. म्हणून त्याची बातमी होते आणि ती समूहावर येते.

आपल्या बोलण्यात दुसरंही एक करणं आहे. 'ती सासूबाईंचं करते.' 'वडिलांचं शेवटपर्यंत त्यानेच केलं.' काय केलं ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. अंग पुसणं, कूस बदलून देणं, भरवणं, शी-शू काढणं, रात्री तीन वाजता हाक आली की उठणं, पाचव्यांदा तोच प्रश्न आला की पाचव्यांदा तेच उत्तर देणं, हे सगळं त्या एका 'चं'मध्ये. आमच्या आजीच्या तोंडी याला 'उस्तवार' असा छान शब्द होता. 'दुखणं काढणं' असंही म्हणत. पण उस्तवारीची बातमी होत नाही. 'सासूबाईंची कूस आज बारा वेळा बदलली' असा संदेश माझ्याकडे कधी आलेला नाही. येणारही नाही.

कॉलेजात माझा एक विषय इंग्रजी होता, त्यामुळे शब्दकोश चाळायची खोड अजून आहे. या हॉस्पिटलच्या शब्दांची मुळं बघायला बसले तर वेगळंच निघालं. 'क्युअर' म्हणजे आपण बरं करणं समजतो, पण तो आला लॅटिन 'कुरा'वरून, आणि कुराचा अर्थ काळजी. त्यातूनच 'सिक्युअर' आला, म्हणजे काळजीविना असलेला. बरं करणं हा अर्थ मागाहून चिकटला. 'केअर'चं मूळ मात्र जुन्या इंग्रजीतलं, त्याचं क्युअरशी नातं नाही, आणि त्याचा जुना अर्थ दुःख, चिंता. म्हणजे ज्याला आज आपण केअर घेणं म्हणतो ते मुळात दुःखी होणं होतं. 'नर्स' आली खाऊपिऊ घालणं, पोसणं यावरून. 'ट्रीट' हा शब्द हाताळण्यातून आलेला, त्याच्याही मागे ओढण्याचं क्रियापद आहे. 'पेशंट' म्हणजे सोसणारा. ते तर आपण बघतोच.

सगळ्यात चटका लावला 'डिस्चार्ज'ने. त्याचा मूळ अर्थ गाडीवरचं ओझं उतरवणं. आपल्याला वाटतं पेशंटची सुटका झाली. खरं म्हणजे हॉस्पिटलचं ओझं उतरलं. मग ते उतरवून ठेवलं कुठे? ज्या घरात रुग्ण आला त्या घरातल्या कुणाच्या तरी खांद्यावर. बहुतेक वेळा तो खांदा सुनेचा नाहीतर मुलीचा असतो. डिस्चार्जचा कागद मिळतो, त्यावर गोळ्यांच्या वेळा असतात. त्या कोण देणार हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

आपल्याकडे हे लिहून ठेवलं होतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रुग्ण. उपस्थाता म्हणजे जवळ उभा असणारा, रुग्णाचं करणारा. त्याचे चार गुणही दिले आहेत. उपचार माहीत असणं, दक्षता, रुग्णावर अनुराग, आणि शुचिता. वैद्याच्या आणि औषधाच्या रांगेत त्याला बसवलं आहे, वैद्याच्या पाठीमागे नाही. आणि रुग्णाला नुसतं पडून राहायला सांगितलेलं नाही, त्याचेही गुण मोजले आहेत. त्यातला एक म्हणजे आपल्याला काय होतंय ते सांगता येणं.

पण सांगणाऱ्याला ऐकणारा लागतो. इथे 'शुश्रूषा' हा शब्द आठवतो. (पुष्कळ जण 'सुश्रुषा' लिहितात, पण ते बरोबर नाही.) जाणून घ्यायची इच्छा ती जिज्ञासा, सुटायची इच्छा ती मुमुक्षा, तशी ऐकायची इच्छा ती शुश्रूषा. म्हणून गुरूची शुश्रूषा आणि रुग्णाची शुश्रूषा एकाच शब्दाने सांगितली जाते. गुरूपाशी बसून ऐकायचं, आणि रुग्णाच्या उशाशी बसूनही ऐकायचं.

'उपचार' हा शब्द तर आपल्या रोजच्या पूजेतला. षोडशोपचार आपण सगळेच करतो. आसन, पाय धुवायला पाणी, आचमनाला पाणी, स्नान, वस्त्र, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. जरा थांबून बघा, यातलं काय आजारी माणसाचं नाही? नीट बसवणं, पाय धुणं, तोंडात पाण्याचा घोट, अंग पुसणं, कपडे बदलणं, खोलीत बरा वास, दिवा, घासभर अन्न. आणि देवघरात हे करताना आपण कधी विचारत नाही, की याने देवात काय सुधारणा झाली? करायचं म्हणून करतो, त्याच्याजवळ जायचं म्हणून करतो. पलंगाशी हेच करताना मात्र मनात येतं, काय उपयोग, आता तर बरे होणार नाहीत.

माझा खरा प्रश्न इथे सुरू होतो. 'त्यांना' करण्यासारखं संपलं असं डॉक्टर सांगतात, तेव्हा काय करायचं? आणि संपलं की नाही हे ठरवायचं कुणी?

नात्यातलं एक उदाहरण सांगते. आमच्या मावससासूबाई, वय त्र्याऐंशी. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, बोलणं जड झालं होतं, गिळणं होत नव्हतं म्हणून नाकातून नळी होती. छातीत वारंवार कफ भरायचा. तिसऱ्यांदा भरती केलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, गरज पडली तर व्हेंटिलेटर लावायचा का, सकाळपर्यंत ठरवा. रात्री सगळ्यांचा फोन एकत्र लागला. अमेरिकेतल्या धाकट्या दिरांचं म्हणणं, जे जे करता येईल ते करा, पैशाचा विचार करू नका. मुंबईचे थोरले म्हणाले, आईचे हाल नकोत. दोघांचंही प्रेम खरं, दोघांच्याही डोळ्यांत पाणी. तासभर हेच चाललं. आमच्या जाऊबाई, ज्या तीन वर्षं त्यांचं करत होत्या, गप्प ऐकत होत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी यजमानांनी विचारलं, वहिनी, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, "मला काय वाटतं ते राहू द्या. गेल्या वेळी आयसीयूतून बाहेर आल्यावर आई मला म्हणाल्या, परत तिथे नेऊ देऊ नकोस. दोनदा म्हणाल्या. त्यांचं बोलणं आता मलाच तेवढं कळतं. तुम्ही असता तर तुम्हाला नुसता आवाज ऐकू आला असता." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि त्यांना तहान लागते. ओठ ओले करायला चालतील का, ते उद्या डॉक्टरांना विचारा."

मग वाद राहिला नाही. डॉक्टरही समजूतदार होते, घरी काय काय करायचं ते त्यांनी बसून लिहून दिलं. मावशी पाच आठवडे होत्या. मी तीनदा जाऊन आले. दर दोन तासांनी कूस बदलत होत्या, ओल्या कापसाने ओठ पुसत होत्या, खिडकीशी पलंग सरकवला होता, कारण मावशींना पिंपळ दिसायला हवा होता.

हे वाचून कुणी असं समजू नका की मशीन वाईट आणि घर चांगलं. न्यूमोनिया झालेल्या चाळीस वर्षांच्या माणसाला तोच व्हेंटिलेटर जीवदान देतो. आणि उलट बाजूची भीती मला जास्त वाटते. 'आता घरीच सेवा करू' हे वाक्य पुष्कळदा खर्च टाळायलाही वापरलं जातं. आजोबांना मोठ्या शहरात नेतात आणि आजीला 'आता वय झालं' म्हणतात, हे आपण पाहिलेलं नाही का? बाईचं दुखणं उंबऱ्याच्या आतच मिटवायची आपल्या समाजाची जुनी सवय आहे. तिला सेवेचं गोड नाव दिलं की कुणाला काही बोलताही येत नाही. म्हणून 'सगळं करा' आणि 'पुरे आता' या दोन्ही वाक्यांना मी आता एकच प्रश्न विचारते: हे कुणाचं ऐकून म्हणताय? रुग्णाने सांगितलंय का? त्याला बोलता येत नसेल तर जो त्याचं रोज करतो त्याला विचारलंय का? लांबून येणाऱ्याचं प्रेम कमी नसतं, पण त्याने ऐकलेलं कमी असतं. त्याच्या मनात आपली चुकलेली वर्षंही असतात, आणि ती भरून काढायला तो 'सगळं करा' म्हणतो. त्याला दोष नाही. पण ती वर्षं आईच्या घशात नळी घालून भरून निघत नाहीत.

या प्रश्नावर आपल्या देशाच्या कायद्यातही मोठा विचार झाला, आणि तो एका परिचारिकेमुळे. अरुणा शानबाग मूळच्या उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरच्या, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर अत्याचार केला आणि त्यात मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांचं केलं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, ज्यांनी अरुणाताईंना चालताबोलताना कधी पाहिलंही नव्हतं त्यांनीही केलं. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण झाले नाहीत, आणि ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही आलेली आहे. ज्यांनी घरात पडून असलेल्या माणसाचं केलंय त्यांना याचा अर्थ कळेल. कुणाची तरी रात्र रोज मोडल्याशिवाय पाठ अशी राहत नाही. या सगळ्याला इंग्रजीतलं कोणतं क्रियापद लावाल? क्युअर तर नाहीच.

लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणाताईंना यातून सोडवावं, त्यांना जबरदस्तीने अन्न देणं थांबवावं, म्हणून न्यायालयात अर्ज केला. तोही कळवळ्यानेच केला होता, असं मला वाटतं. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने तो फेटाळला, पण त्याच निकालाने काही कडक अटींखाली उपचार थांबवण्याची वाटही पहिल्यांदा मोकळी केली. अरुणाताईंच्या बाजूने बोलायचा हक्क कुणाचा, हाही प्रश्न होता. न्यायालय म्हणालं, ज्यांनी इतकी वर्षं त्यांची शुश्रूषा केली त्या केईएमच्या लोकांचा. मला या निकालातलं हे सर्वांत मोठं वाटतं. रक्ताचं नातं नव्हे, पुस्तक लिहिणं नव्हे, रोजचं करणं हा बोलण्याचा अधिकार मानला गेला. अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं हे मात्र कुणालाच कळू शकलं नाही, आणि त्या ४२ वर्षांचं ते दुःख कुठल्याही निकालाने मिटत नाही.

पुढे ९ मार्च २०१८ ला घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. आपण धडधाकट असतानाच, पुढे असाध्य अवस्था आली तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत ते लिहून ठेवता येतं. त्याला लिव्हिंग विल म्हणतात. आधी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, २०२३ मध्ये ते सोपं झालं, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यांसमोर करता येतं. आपल्याकडे हा विषय काढला की 'शुभ बोल नाऱ्या' म्हणून गप्प करतात. पण ज्या घरात ऐंशीच्या पुढचं कुणी आहे त्या घरात, शांत वेळ बघून, त्यांनाच विचारायला काय हरकत आहे? आमच्या यजमानांनी आणि मी एकमेकांना विचारलं. त्यांचं उत्तर ऐकून मला नवल वाटलं, इतकी वर्षं मी दुसरंच काही धरून चालले होते.

आणि जो करतो त्याचं कोण करणार? तीन वर्षांत जाऊबाई एकाही लग्नाला गेल्या नव्हत्या. मावशी गेल्यावर सगळे म्हणाले, तुम्ही फार पुण्य कमावलंत. त्या म्हणाल्या, मला आधी झोपायचंय. माझं गुरुबंधूंना एक सांगणं आहे, आणि ते जरा रोखठोक आहे. केंद्रात चपला सांभाळायची, पंगतीत वाढायची सेवा तुम्ही फार मनापासून करता. घरात पडून असलेल्या आईचं अंग पुसायची वेळ आली की 'बाईमाणसाचं काम' कसं होतं? आठवड्यातून दोन रात्री बायकोला दुसऱ्या खोलीत झोपू द्या आणि उशाशी तुम्ही बसा. कूस कशी बदलायची ते ती शिकवेल, अर्ध्या तासात येतं.

एक शब्द राहिला. 'पॅलिएटिव्ह' हा शब्द हल्ली ऐकू येतो आणि तो ऐकला की लोक घाबरतात, आता संपलं म्हणून. त्याच्या मुळाशी लॅटिन 'पॅलियम' आहे, म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र. पॅलिएट करणं म्हणजे पांघरूण घालणं. गंमत म्हणजे मराठीत जसं आपण कुणाच्या चुकीवर पांघरूण घालतो तसा त्या इंग्रजी शब्दाचाही एक अर्थ आहे. पण थंडीने कुडकुडणाऱ्यावर घालतात ते पांघरूण आधीचं. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णांसाठीच्या समाजसेविका, आणि नंतर डॉक्टर झाल्या. रुग्ण बोलतात ते ऐकत ऐकत त्यांच्या ध्यानात आलं की वेदना नुसती शरीराची नसते, मनाची, घरच्या काळजीची आणि देवाविषयीच्या प्रश्नांचीही असते. आपल्याकडे पुढे गेलेल्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी मुंबईत १९८६ साली शांती अवेदना हे देशातलं पहिलं हॉस्पिस निघालं, त्याची एक शाखा गोव्यात लोटलीला आहे. हैदराबादच्या एमएनजे कॅन्सर संस्थेतही असा विभाग आहे. दुखणं शमवायला लागणारं मॉर्फिन मिळायला आधी परवान्यांची फार अडचण होती, २०१४ साली कायदा बदलून ती कमी करण्यात आली.

हे पांघरूण शेवटच्या दिवसाचं नसतं. मुख्य उपचार चालू असतानाही ते बरोबरीने घेता येतं, वेदनेला, मळमळीला, धाप लागण्याला, झोप न येण्याला. त्यामुळे घरात कुणाचं दुखणं सोसण्यापलीकडे गेलं असेल तर डॉक्टर सांगतील म्हणून वाट बघू नका, आपणहून विचारा की इथे पॅलिएटिव्हचे डॉक्टर कोण आहेत, ते घरी येतात का, आणि त्यांना भेटायला जाताना, जी व्यक्ती रुग्णाचं रोज करते, तिला बरोबर घ्या. रात्री काय होतं ते तीच सांगू शकेल.

॥ जय गुरुदेव ॥